आठवण गेल्या जन्माची, वृत्ती या जन्मातली

१९५४ साली उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात साडेतीन वर्षांचा एक जाट मुलगा देवी येऊन गेला, असे घरच्यांनी धरले. सकाळी त्याला पुरायचे ठरले होते. रात्रीतच त्याच्या अंगात धुगधुगी दिसली. काही आठवड्यांनी तो नीट बोलू लागला तेव्हा त्याने सांगितले, की आपण दुसऱ्या एका गावच्या ब्राह्मणाचा मुलगा आहोत आणि या घरचे अन्न खाणार नाही. पोर उपाशी मरेल या धास्तीने घरच्यांनी शेजारच्या एका ब्राह्मण बाईंना विनवले. त्या त्याच्यापुरता वेगळा स्वयंपाक करू लागल्या, आणि हे जवळजवळ दीड वर्ष चालले.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी ही हकीकत तपासून १९६६ च्या आपल्या ग्रंथात छापली. तेव्हापासून पुनर्जन्माच्या चर्चेत ती सतत येते. मुलाने सांगितलेली नावे जुळली का, नातेवाईक त्याने खरोखर ओळखले का, दोन्ही गावांत आधीपासून जा-ये होती का, यावर बाजू घेऊन भांडणारे भरपूर आहेत. जन्मदात्या आईच्या हातची रोटी त्या पोराला विटाळाची वाटत होती, या गोष्टीजवळ मात्र कोणी थांबत नाही. मानणाऱ्यांना ती पूर्वजन्माची खूण वाटते, न मानणाऱ्यांना बालहट्ट.

पूर्वजन्माच्या आठवणींत जातीचा ताठा, बायकांविषयीची तुच्छता, नोकरांवरचे क्रौर्य, सूडाची भूक असे काही निघाले की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, ‘ते तेव्हाचे, आताचे नाही.’ दुसरे, ‘सगळा कल्पनेचा खेळ, मनावर घेऊ नये.’ ही दोन्ही उत्तरे उथळ आहेत. आठवण खरी असो वा रचलेली, तिच्यातली वृत्ती आजच्या तोंडून बोलते आणि आजच्या माणसांना लागते. म्हणून तिची जबाबदारीही आजच्याच माणसावर येते. पुनर्जन्म खरा की खोटा याचा निकाल लागेपर्यंत ही जबाबदारी लांबणीवर टाकता येत नाही.

१. खूण म्हणून मिरवलेला विटाळ

स्टीव्हन्सन यांच्या संग्रहात या मुलाच्या उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. ब्राह्मण घरातली एक लहान मुलगी आपण आधी मैला साफ करणारी बाई होतो असे सांगे. तिच्या सवयी अस्वच्छ होत्या, ती डुकराचे मांस मागे आणि धाकट्या भावंडांची घाण बिनतक्रार काढी, अशी नोंद आहे. ब्रह्मदेशातली काही मुले तर आपण दुसऱ्या महायुद्धात मेलेले जपानी सैनिक असल्याचे सांगत. त्यांना तिथला उन्हाळा सोसत नसे, तिखट जेवण नको असे, कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा हवा असे. १९४२ ते १९४५ या काळात जपानी फौजा त्यांच्या गावांत वावरून गेल्या होत्या.

ही तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ब्राह्मण म्हटले की सोवळे, सफाई करणारी म्हटली की घाण, जपानी म्हटला की कच्चा मासा. प्रत्येक आठवणीची ‘खूण’ म्हणजे त्या समूहाविषयी गावात आधीपासून चालत आलेली समजूत. मैला साफ करणारी बाई स्वतःच्या घरात कमालीची टापटिपीची असू शकते. किंबहुना दिवसभर तेच काम करणाऱ्या बाईला घरी आल्यावर स्वच्छतेची ओढ अधिक असेल. पण एखादी मुलगी तशी टापटिपीने वागली असती, तर तिच्या वागण्यात सफाईवालीचा जन्म कोणाला दिसला असता? आठवण म्हणून ओळखले जाते ते समजुतीच्या साच्यात बसणारेच. साच्याबाहेरचे कोणाच्या लक्षात राहत नाही आणि संशोधक वर्षांनंतर घरी येतो तेव्हा कोणी ते त्याला सांगतही नाही.

अशा मुलांवर यात दोषारोप नाही. दोन ते चार वर्षांच्या वयात ती हे बोलू लागतात आणि बहुतेकदा पाच ते आठच्या दरम्यान विसरतात. त्या वयाचे मूल जातीची उतरंड स्वतः रचत नाही. ती घराच्या ओट्यावर, पाणवठ्यावर, पंगतीत रोज दिसते, आणि मूल ती भाषेसारखीच उचलते. जाटाच्या त्या मुलाचा नकार घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळला, कारण तो नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. शेजारच्या बाईंना बोलावणे हा उपायही त्याच नियमातून सुचला.

२. आठवणीत माल कुठून भरला जातो

मोठ्यांच्या बाबतीत, विशेषतः संमोहनातून ‘मागच्या जन्मात नेण्याच्या’ उपचारांत, याचा पुरावा अधिक ठोस आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. संमोहनाआधी काही जणांना सांगितले गेले, की जुन्या काळी मुलांचा छळ सर्रास होई. त्यांच्या ‘पूर्वजन्मात’ लहानपणीचा छळ इतरांपेक्षा जास्त निघाला. एक जण १९४० सालचा जपानी लढाऊ वैमानिक झाला. त्याला आपल्या सम्राटाचे नाव सांगता येईना आणि जपान तेव्हा युद्धात नाही असे त्याचे म्हणणे होते. प्रत्यक्षात चीनशी जपानचे युद्ध १९३७ पासून पेटलेले होते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी तर याच जन्मातली, कधीच न घडलेली घटना रुजवून दाखवली. लहानपणी बाजारात हरवल्याची ती गोष्ट चोवीस जणांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला आपलीच वाटली. पूर्वजन्माच्या आठवणी सांगणाऱ्यांवर २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की एखादी गोष्ट आपल्याला कुठून कळली याबाबत त्यांची गफलत इतरांपेक्षा जास्त होते.

इथे थांबून ‘म्हणजे सगळे खोटे’ म्हणणे सोपे आहे, आणि बरेच विवेकवादी तिथेच थांबतात. त्यांचे काम तिथे अर्धेच होते. कथानक रचलेले असेल, तर त्यातला ताठा आणि तुच्छता आली कुठून? संमोहनाच्या खुर्चीत बसलेली पुण्यातली एखादी व्यक्ती आपण पेशवाईतले सरदार होतो असे सांगते आणि त्या सरदाराच्या तोंडी खालच्या जातींविषयी सहज, सरावाची तुच्छ भाषा येते, अशी कल्पना करून पाहावी. सरदार नव्हताच असे सिद्ध झाले, तर ती भाषा बोलणाऱ्याच्याच पदरात पडते. आठवण खोटी ठरल्याने वृत्ती खोटी ठरत नाही. उलट, जिच्यावर ती ढकलून देता आली असती अशी दुसरी व्यक्तीच उरत नाही.

आणि आठवण खरी असली तर? तरीही ती बाळगणारे मन आजचे आहे. मेलेल्या सरदाराला आज कोणाचा अपमान करता येत नाही. ज्याच्या मनात तो बोलतो, त्याला येतो. दोन्ही वाटा एकाच जागी येऊन पोचतात, म्हणून खऱ्याखोट्याचा वाद कितीही रंगला तरी या प्रश्नापुरता तो दुय्यम आहे.

३. ‘काळच तसा होता’

पूर्वजन्माचे उपचार करणाऱ्यांचे हे ठेवणीतले वाक्य. डिसेंबर २००९ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘राज पिछले जनम का’ ही मालिका सुरू झाली आणि घराघरांत या उपचारांची ओळख झाली. तेव्हापासून हे सांत्वनही घराघरांत पोचले आहे: तेव्हा सगळेच तसे वागत, स्वतःला माफ करा आणि पुढे चला. ऐकायला दिलासा मिळतो, पण त्यात दोन ठिकाणी मोठी खोट आहे.

पहिली इतिहासाची. सगळेच तसे वागत नव्हते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी बायकांच्या मासिक विटाळाची कल्पना नाकारली. बाराव्या शतकात कर्नाटकात बसवेश्वरांभोवतीच्या शरणांनी जातीबाहेरची पंगत मांडली. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचे उदाहरण तर या विषयाच्या अगदी गाभ्याजवळचे आहे. देवगावच्या ब्राह्मण घरात त्या जन्मल्या आणि तुकोबांना त्यांनी गुरू मानले. बायकोने शूद्र गुरू करावा हे नवऱ्याला खपले नाही. त्याने त्यांना मारहाण केली, हे त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः सांगितले आहे. याच बहिणाबाईंनी अखेरच्या काळात मुलाला, विठोबाला, आपले बारा पूर्वजन्म सांगितले. त्यांच्याच गाथेत ‘वज्रसूची’वरचे अभंग आहेत आणि त्यांत प्रश्न आहे, ब्राह्मण कोणाला म्हणावे? देहाला, जन्माला, वर्णाला ब्राह्मण म्हणता येत नाही, हा त्या ग्रंथाचा युक्तिवाद त्यांनी मराठीत आणला. म्हणजे बारा जन्म आठवणारी बाई जन्मावरून माणसाची किंमत ठरवायला नकार देत होती. पूर्वजन्मावर श्रद्धा असली की जातीचा ताठाही मुकाट स्वीकारावा लागतो, ही समजूत एवढ्या एका गाथेने मोडते.

दुसरी खोट तर्काची. मागच्या जन्मी आपण राणी होतो, पंडित होतो, शूर होतो, हे ‘माझे’; पण दासींना चाबकाने मारत होतो हे ‘काळाचे’. असा सोयीचा वाटा कोणत्याही हिशेबात बसत नाही. सातत्य मानायचे तर दोन्ही आपले, नाकारायचे तर दोन्ही परके. मखमल ठेवून चाबूक टाकता येत नाही.

४. हिशेब कोण मांडतो

इथून प्रश्न अवघड होतो, कारण आपल्या परंपरेत पूर्वजन्मातल्या दोषाची कबुली नवीन नाही. ती कशासाठी दिली जाते, यावर सगळे अवलंबून आहे.

बौद्ध परंपरेत मज्झिमनिकायातले घटिकार सुत्त यासाठी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. कश्यप बुद्धांच्या काळात जोतिपाल नावाचा ब्राह्मण तरुण आणि घटिकार नावाचा कुंभार हे मित्र. घटिकार त्याला बुद्धांच्या दर्शनाला चल म्हणतो. ‘त्या मुंडक्या श्रमणाला पाहून काय मिळणार?’ अशा अर्थाचे तुसडे उत्तर जोतिपाल पुन्हापुन्हा देतो. शेवटी नदीवर न्हाऊन आलेल्या जोतिपालाचे ओले केसच घटिकार पकडतो. जोतिपाल चकित होतो, की वेगळ्या कुळातला हा कुंभार आपल्या न्हालेल्या डोक्याला हात लावायला धजतो, म्हणजे गोष्ट किरकोळ नसणार. आणि कथा संपवताना गौतम बुद्ध आनंदाला सांगतात, तो जोतिपाल दुसरा कोणी नव्हता, मीच होतो. ‘काळ तसा होता’ असे ते म्हणत नाहीत. जातीचा ताठा आणि साधूविषयीची तुच्छता ते आपल्या नावावर घेतात, आणि कथेतला मोठा माणूस ठरतो आंधळ्या आईबापांना सांभाळणारा कुंभार.

श्वेतांबर जैन परंपरेत महावीरांच्या पूर्वजन्मांची कथा याहून कठोर आहे. त्रिपृष्ठ वासुदेव असताना त्यांनी शय्यापालकाला सांगितले होते, की आपल्याला झोप लागली की गाणे थांबव. सेवक गाण्यात रमला आणि विसरला. त्रिपृष्ठाने त्याच्या कानांत तापलेला धातुरस ओतवला. अखेरच्या जन्मात एका गुराख्याने महावीरांच्या कानांत काड्या ठोकल्या, त्याचे मूळ परंपरा या कृत्यात शोधते. त्याआधी मरीचीच्या जन्मात त्यांनी कुळाचा गर्व केला, त्याचे फळही सांगितले आहे. आपल्या सर्वांत वंदनीय व्यक्तीच्या नावावर नोकराचा छळ आणि कुळाचा माज लिहायला या परंपरेने मागेपुढे पाहिले नाही, हे थोर आहे.

आता पंढरपूरकडे वळले की चित्र पालटते. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात ते म्हणतात, की पूर्वीच्या जन्मी आपल्या हातून कृष्णाची निंदा घडली म्हणून महाराचा जन्म आला. वरवर पाहता ही तीच कबुली. पण त्रिपृष्ठ बलवान होता आणि त्याने दुर्बळाला छळले. इथे छळला जाणारा माणूस आपल्या छळाचे कारण आपल्याच कुठल्या तरी न आठवणाऱ्या चुकीत शोधतो. देवळाबाहेर त्याला उभे करणारे या हिशेबातून अलगद सुटतात. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याच प्रश्नाला दुसरीकडून भिडला. त्याने अभंगांतून थेट देवालाच विचारले, आम्हाला हीन का केलेस? बापलेकांच्या या दोन अभंगांमधल्या अंतरात सगळा मुद्दा सामावलेला आहे.

त्यामुळे केवळ ‘स्वतःचा दोष पाहा’ एवढा नियम पुरत नाही. ज्याच्या हाती सत्ता होती आणि आहे, त्याने आपला दोष पाहणे ही जबाबदारी. ज्याच्यावर सत्ता चालली त्याला तेच करायला लावणे हा दुसरा छळ. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात चांगल्या आचरणाला ब्राह्मण-क्षत्रिय-वैश्यांचा जन्म आणि वाईट आचरणाला कुत्रा, डुक्कर, चांडाळ यांचा जन्म सांगितला आहे. त्याची सामाजिक किंमत कोणी मोजली ते उघड आहे. गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धान्त गरिबांच्या आणि खालच्या ठरवलेल्यांच्या दशेच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला मोकळे करतो, अशी टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात केली. हे केवळ इथलेच दुखणे नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांनी जानेवारी १९९९ मध्ये एका मुलाखतीत अपंगत्वाचा संबंध मागच्या जन्माच्या कर्माशी जोडला. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असे त्यांनी सांगितले, तरी २ फेब्रुवारीला त्यांना पद सोडावे लागले.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप पालकांचा: लहान मुलाला काय जबाबदार धरणार? अजिबात धरायचे नाही. पण त्याच्या बोलण्याला घर काय उत्तर देते, ते मोठ्यांच्या हातात असते. उत्तर भारतात अशा मुलांना गप्प करण्यासाठी जात्यावर किंवा कुंभाराच्या चाकावर उलटे फिरवण्याचे प्रकार होत, कारण पूर्वजन्म आठवणारे मूल अल्पायुषी असते अशी भीती आहे. तेही क्रौर्यच. याच्या दुसऱ्या टोकाला मुलाच्या सोवळ्याचे कौतुक असते, पाहुण्यांसमोर ते पुन्हा वदवून घेतले जाते. मधला मार्ग साधा आहे. मुलाचे ऐकून घ्यावे, त्याला खोटारडे म्हणू नये, आणि ‘आपल्या घरात कोणाच्याही हातचे खातात’ हे त्याच्यासमोर रोज करून दाखवावे.

दुसरा आक्षेप: आठवणीत सूड असेल, आणि अन्याय खरोखर झाला असेल, तर? कनौजमध्ये १९५१ साली सहा वर्षांच्या एका मुलाचा खून झाला. संशयित पुराव्याअभावी सुटले. त्याच वर्षी त्याच शहरात जन्मलेला एक मुलगा पुढे सांगू लागला, की मारला गेलेला तो आपणच, आणि संशयितांवर सूड घेण्याची भाषाही तो करू लागला. मेलेल्या मुलाच्या बापाचे दुःख कोणालाही कळेल. पण जिवंत माणसांवर खुनाचा आरोप एका बालकाच्या पूर्वजन्माच्या आधारावर ठेवायचा म्हटले, तर न्यायाला पायाच उरत नाही. गावात ज्यांच्यावर आधीपासून बोट रोखले गेले आहे त्यांचीच नावे मुलाच्या कानांवर पडतात, हे विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: या उपचारांनी लोकांना खरोखर बरे वाटते, मग ही कठोर चिकित्सा कशाला? बरे वाटते हे नाकारण्याचे कारण नाही. मनातली घुसमट कथेच्या रूपाने बाहेर आली की माणूस हलका होतो. परंतु जिथे एका माणसाच्या शब्दावर दुसऱ्याचे शेकडो वर्षांचे चरित्र ठरते, तिथे त्या शब्दाची सत्ता भयंकर वाढते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, भक्त ही आपली गेल्या जन्मीची पत्नी, पती किंवा प्रेयसी होती असे भासवून लैंगिक संबंध ठेवणे, याची स्वतंत्र नोंद आहे. असे प्रकार घडत आले म्हणूनच कायदा करणाऱ्यांना ही ओळ लिहावी लागली.

६. उपचाराच्या खोलीत

समुपदेशकाकडे बसलेल्या माणसाने गेल्या जन्मीचे क्रौर्य सांगितले, तर पहिला प्रश्न ‘पुढे काय दिसते?’ हा असू नये. हे बोलणे तुम्ही याआधी कोणाच्या तोंडून ऐकले आहे? आजोबांच्या, शाळेतल्या कोणा मास्तरांच्या, एखाद्या ऐतिहासिक मालिकेतल्या? ज्या जातीविषयी किंवा ज्या बाईविषयी हे शब्द आले, तशी व्यक्ती आज तुमच्या घरात, कचेरीत, इमारतीत कोण आहे? तिला चहा कोणत्या कपातून मिळतो? लिफ्टमध्ये तिला कोणी अडवते का? स्वतःला क्षमा करण्याचा विधी या प्रश्नांच्या नंतर येऊ शकतो, आधी आला तर तो पळवाट ठरतो.

आणि आठवणीत माणूस छळला गेलेला निघाला, तर समुपदेशकाने त्याला ‘त्याआधीच्या जन्मी तुम्ही काय केले होते, ते शोधू’ असे सांगू नये. त्याच्या आजच्या आयुष्यात त्याला कोण छळते आहे, आणि ते थांबवायला कोणाची मदत मिळेल, याची चौकशी त्याच बैठकीत सुरू करावी.